हे कोण

त्याने मिरीला प्लास्टिकच्या हत्तीवर बसवलं, कमरेचा पट्टा लावला आणि ओढून बघितला. हत्ती अजून हलायचा होता. मिरीने त्याच्याकडे बघून दोन्ही हात वर केले.

"हे," ती म्हणाली.

"हो, हे. हत्ती आहे हा."

"हे," ती पुन्हा म्हणाली आणि तिचे ओठ वाकडे व्हायला लागले.

बटणवाल्याने बटण दाबायच्या आत त्याने पट्टा सोडून तिला उचललं. खाली उतरल्यावर ती गप्प झाली. हत्ती नको होता तर मग काय पाहिजे होतं, ते त्याला कळलं नाही.

सकाळपासून असंच चाललं होतं. मिरी त्याच्याकडे बघून 'हे' म्हणायची आणि तो आपल्या मागे काय आहे ते वळून बघायचा. अशा बागेत माणसाच्या मागे काही ना काही असतंच. कधी झुकझुक गाडी होती, कधी फुगे, एकदा अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस होता, तो मुखवटा काढून पाणी पीत होता. "हे पाहिजे?" असं विचारून तो तिला त्या त्या ठिकाणी न्यायचा. तिथे गेलं की ती रडायची.

"बाबा, तुम्ही तिला विचारत बसू नका," लेक म्हणाली. "बसवा आणि द्या फिरवून."

"तिला नको होता हत्ती."

"तिला काय हवंय ते तिला तरी कुठे माहितीये?"

मिरीच्या जुळ्या भावाला, ढब्बूला, सगळंच हवं होतं. तो हत्तीवर दोनदा बसून आला होता आणि आता त्याला हत्ती घरी न्यायचा होता. लेकीने त्याला काखोटीला मारला तेव्हा तो हत्तीकडे हात करून आजोबांकडे तक्रार करत होता. "आदोबा, माजा हत्ती."

मुलं अडीच वर्षांची होती. गेल्या हिवाळ्यापर्यंत लेक कामावर जाताना दोघांना आजीकडे सोडायची. तो दिवसभर दुकानात, पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरत बसलेला असायचा. संध्याकाळी तो घरी पोचायचा तेव्हा मुलं पेंगुळलेली असायची आणि थोड्या वेळात लेक त्यांना घेऊन जायची. मग आजी गेली. मुलं पाळणाघरात जायला लागली आणि तो रविवारपुरता उरला.

ढब्बू त्याला 'आदोबा' म्हणायचा. मिरी पाळणाघरातल्या मावशीला मावशी म्हणायची, शेजारच्या कुत्र्याला नावाने बोलवायची. त्याला ती काहीच म्हणत नव्हती. "येईल हळूहळू," लेक म्हणायची. तो मान हलवायचा. आज दिवसभर बरोबर राहिलं तर एकदा तरी म्हणेल, एवढ्यासाठी तो आला होता. ते काही त्याने लेकीला सांगितलं नव्हतं. पाय दुखत होते, तेही सांगितलं नव्हतं.

"मी याला दोन मिनिटांत बाथरूमला नेऊन आणते," लेक म्हणाली. "हिचा हात सोडू नका."

"नाही सोडत."

दोघं बाकाजवळ उभे राहिले. मिरीने त्याचं एक बोट धरलं होतं. तिने मान वर करून बघितलं.

"हे."

तो वळला. मागे भिरभिरीवाला उभा होता, त्याच्या काठीला पन्नासेक भिरभिरी लावलेली. आता मात्र शंकाच नव्हती. भिरभिरं कोणाला आवडत नाही? लाल घ्यावं की निळं, एवढं ठरवण्यापुरतं त्याने बोट सोडवून घेतलं. निळं घेऊन तो वळला तेव्हा बाकाजवळ मिरी नव्हती.

त्याने बाकाखाली बघितलं. बाकामागच्या झुडपात बघितलं. मिरीसारखा निळा फ्रॉक दिसला म्हणून तो एका मुलीमागे धावला, तर ती सात-आठ वर्षांची निघाली आणि तिची आई त्याच्याकडे बघत राहिली. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण एवढ्या गाण्याबजावण्यात आवाज कुठे जाणार? भिरभिरं हातात फिरतच होतं.

मग भोंग्यातलं गाणं थांबलं आणि एका बाईचा आवाज आला. निळ्या फ्रॉकमधली लहान मुलगी सापडली आहे, पालकांनी विमानांच्या पाळण्यामागच्या खोलीत यावं.

खोली लहान होती. एक टेबल, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात एक बुटकं स्टूल. टेबलामागे गणवेशातल्या बाई होत्या आणि दाराशी वॉकीटॉकीवाला रक्षक. मिरी टेबलावर बसून पाय हलवत होती. ती रडलेली दिसत नव्हती.

"माझी नात," तो म्हणाला. "मिरी."

"ते नाव तिने आम्हालाही सांगितलंय," बाई म्हणाल्या. "थांबा काका, असं देता येत नाही. मुलाने ओळखलं तरच सोडायचं, असा इथला नियम आहे." मग त्या मिरीकडे वळल्या. "बाळा, हे कोण?"

"हे," मिरी म्हणाली.

"हो, हे. हे कोण आहेत?"

"हे."

"पोपट आहे नुसता," रक्षक म्हणाला.

"आजोबा आहेत का तुझे?"

मिरीने ठामपणे मान हलवली. नाही.

रक्षक भिंतीचा टेकू सोडून सरळ उभा राहिला. बाईंनी खुर्ची टेबलाच्या पुढे घेतली, मिरी आणि त्याच्या मध्ये येईल अशी.

"काका, तुम्हाला ती काय म्हणते घरी?"

त्याने रक्षकाकडे बघितलं, मग मिरीकडे.

"काही म्हणत नाही."

"काहीच नाही?"

"तिची आई येईल आता," तो म्हणाला. "बाथरूमला गेलीये. ती सांगेल." बसू का, असं त्याने विचारलं नाही. दुकानातून घरी आल्यासारख्या चपला दाराशी काढल्या, डाव्या पायाने उजवी नीट बाजूला सरकवली, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रुमालाने आधी मान पुसली, मग तोंड.

मिरी हे सगळं बघत होती. तिचे पाय हलायचे थांबले. ती बाईंकडे वाकली आणि हळू आवाजात, एका बाईने दुसरीला सांगावं तशी म्हणाली, "हे आले. चहा ठेवते."

बाई हसल्या. रक्षकही हसला. मग बाईंचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे म्हणजे ते 'हे' होय."

"काय?" रक्षक म्हणाला.

"तुला नाही कळायचं. लग्न झालंय का तुझं?" मग त्या आजोबांकडे वळल्या. "हिची आजी तुम्हाला 'हे' म्हणते ना, काका?"

"मला 'अहो' म्हणायची," तो म्हणाला. रुमालाची घडी घालत म्हणाला, "मी नसताना म्हणत असेल."

'म्हणायची' बाईंनी ऐकलं. त्यांनी मिरीला टेबलावरून उतरवून खाली ठेवलं. ती चालत त्याच्यापाशी आली आणि गुडघ्याला टेकून उभी राहिली. बाईंनी टेबलाखालचा थर्मास काढला, झाकणाच्या कपात चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला.

"घ्या. तिने ठेवलाय."

चहा कोमट होता आणि फार गोड. तो हळूहळू प्यायला लागला. अर्धा झाला असेल तेव्हा लेक दारात आली, केस विस्कटलेले, ढब्बू काखेत.

"बाबा, मी तिकडे वेड्यासारखी शोधतेय. सगळी बाग पालथी घातली. आणि तुम्ही चहा पीत बसलात?"

"ठेवला होता," तो म्हणाला.

"कोणी ठेवला होता? हात सोडू नका म्हणून सांगितलं होतं मी. दोन मिनिटं सांगितली होती, दोन मिनिटं. ती रडली का? काही खाल्लं का तिने? आणि हे भिरभिरं कशाला घेतलंत, याला दिसलं तर आता—"

ढब्बूला दिसलं होतं. तो काखेतून सुटून खाली उतरला आणि भिरभिऱ्याच्या मागे लागला. मिरी ढब्बूकडे बघत होती. तिच्या आजोबांनी शेवटचा घोट घेतला तेव्हाही ती भावाकडेच बघत होती. पण मागे न वळता, मान जराही न हलवता, तिने एक हात मागे केला आणि कपासाठी पंजा उघडा धरला.

लेकीचं बोलणं मध्येच थांबलं. आजी रिकामा कप अशीच, न वळता, घ्यायची.

त्याने कप त्या हातावर ठेवला.