सात दात

"बोलू नका म्हटलं ना! बघा, पुन्हा रक्त आलं," बायको वैतागून म्हणाली आणि तिने त्याच्या हातात कापसाचा नवा बोळा ठेवला. त्याने तो हिरडीवर दाबला आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. आत आई त्याला हाका मारत होती.

एकतीस वर्षं तो बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करत आला होता. प्रवाशांना त्याचा आवाज पाठ होता, चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता. काल सकाळी त्याचे वरचे सात दात काढले. हिरड्याच सडल्या होत्या. कवळी बसायला तीन महिने लागणार होते.

"बरं झालं, तेवढीच घरात शांतता," बायको काल म्हणाली होती, आणि मग न्हाणीघरातून बराच वेळ बाहेर आली नव्हती.

आईची नजर चार वर्षांपूर्वी गेली, पाठोपाठ आठवणही. सुनेला ती 'नर्सबाई' म्हणायची. मुलाला मात्र आवाजावरून अचूक ओळखायची, त्याच्याच हातून जेवायची. कालपासून सुनेने घास पुढे केला की ती ओठ घट्ट मिटून घेत होती.

शेवटी त्याने बोळा थुंकला, मऊ भाताची वाटी घेतली आणि तिच्या खाटेवर जाऊन बसला.

"आई, जेवतेस ना?" शब्द नुसते फसफसले.

आईने दचकून पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "कोण हो तुम्ही?"

"अगं, मीच. तुझा मुलगा."

"म्हातारीची थट्टा करता? माझ्या मुलाचा आवाज कसा खणखणीत आहे! सगळं स्टँड ऐकतं."

तोंडात रक्ताची चव आली. ती गिळून तो म्हणाला, "त्यानंच पाठवलंय मला. त्याला ड्यूटी लागली. आईला जेवू घाला म्हणाला."

"मग असं सांगा की!"

तिने तोंड उघडलं. चमचा चमचा करत वाटी संपली. त्याने तिची हनुवटी पुसली.

"त्याला म्हणावं, आई पोटभर जेवली. आणि ओरडून ओरडून घसा बसवू नकोस म्हणावं."

"सांगतो."

"बरं, निघा आता. जाताना दार ओढून घ्या."

तो उठला. वाटी घेऊन बाहेर आला आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने त्याने दार ओढून घेतलं.