मलप्पांच्या नावानं गेलेला मेल

मी धर्माबादच्या मलप्पा आडत्यांच्या घरातला कंप्युटर बोलतोय. गोड बोलायची माझी इच्छा नाही. ज्या घरात राहतो तिथं तशी पद्धतही नाही.

नांदेडच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले आणि टेम्पोतून मला इथं आणलं. मधल्या खोलीत टेबलावर बसवून मलप्पांच्या सुनेनं, मंजुश्रीनं, माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. मागच्या पडवीत मिरचीची पोती असतात. तिथली लाल धूळ पहिल्याच आठवड्यात माझ्या पंख्यात गेली, ती आजही तिथंच आहे. घरातली माणसं शिंकून मोकळी होतात. मी नुसता तापतो.

मलप्पांना मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून सुनेनं माझ्यात मेलचा प्रोग्रॅम टाकून दिला. गुंटूर, हैदराबादच्या व्यापाऱ्यांचे मेल माझ्या डिस्कवर उतरतात आणि नेट गेलं तरी वाचता येतात. सोय चांगली. पण मेल घरात उतरला की त्याच्या पाठीवर बसून जे येईल तेही घरातच उतरतं. मंजुश्रीला हे ठाऊक होतं. तिनं अँटिव्हायरस बसवला आणि सासऱ्यांना बजावलं, "मामा, ओळख नसलेल्याची फाईल उघडू नका."

"म्या चाळीस वर्सं बाजारात माणसं वळखून राहिलो. तू मला शिकवतीस?"

ती गप्प बसली. त्या घरात मलप्पांपुढं सगळेच गप्प बसतात.

अँटिव्हायरस मात्र गप्प बसेना. कोपऱ्यातून सारखी खिडकी वर यायची: अपडेट करा, तपासणी चालू आहे. "हे कुत्रं लई भुंकतंय," म्हणून मलप्पांनी एका दुपारी ते काढूनच टाकलं. सुनेला सांगितलं नाही. राखणदार हाकलून दिला आणि दार सताड उघडं ठेवून माणूस निवांत झोपला. तेव्हापासून मला त्यांचा राग आहे.

मग एक मेल आला. विषय होता 'आजचे मिरचीचे भाव'. पाठवणारा अनोळखी, सोबत एक फाईल. मी पिवळी सूचना दाखवली: ही फाईल धोकादायक असू शकते, तरीही उघडायची? मलप्पांनी ती वाचली नाही. माझ्या सूचना त्यांनी कधीच वाचल्या नाहीत. 'हो' दाबलं. समोर कोरं पान आलं. "बिघडलं डबडं," म्हणाले आणि जेवायला उठून गेले.

ते भाकरी मोडत होते तेव्हा आत आलेल्या त्या चोरानं मेलमधले सगळे पत्ते गोळा केले. माझ्या फायलींना त्यानं हात लावला नाही. त्याला माझ्याकडून फक्त हमाली हवी होती. प्रत्येक पत्त्यावर त्यानं माझ्याकडून मेल पाठवून घेतला. 'सोबतची फाईल जरूर पाहणे. मलप्पा.' त्या पत्त्यांत एक पत्ता सिद्धलिंगचा होता.

सिद्धलिंग म्हणजे मलप्पांचा धाकटा भाऊ. नांदेडला राहतो. दोघांमध्ये अबोला आहे, तो त्यांच्या आईवरून. लक्ष्मम्मा आजारी पडल्या तेव्हा धाकट्यानं त्यांना नांदेडला नेलं. थोरल्यानं 'नेऊ नको' म्हटलं होतं. त्या तिथंच वारल्या. मलप्पा तेव्हा गुंटूरच्या बाजारात होते, फोन लागेना. संध्याकाळपर्यंत वाट बघून धाकट्यानं लिंगायत रीतीप्रमाणं नांदेडलाच त्यांना समाधी दिली. मलप्पा पोचले तेव्हा माती टाकून झाली होती. "अव्वाला परक्या मातीत ठिवलास," एवढं बोलून ते माघारी आले. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

मेल गेल्यावर चौथ्या दिवशी सिद्धलिंग दारात उभा राहिला. चप्पलसुद्धा काढली नाही.

"अण्णा, काय वाईट केलतं मी तुझं?"

मलप्पा खाटेवरून उठले. "आधी चप्पल काढ. मग भांड."

"माझ्या कंप्युटरात अव्वा होती! तिचं बोलणं भरून ठिवलतं मी. दवाखान्यातलं, घरातलं, सगळं. तू फाईल धाडलीस, मी उघडली, आन् समद्याला कुलूप बसलं. दुकानवाला म्हणतो, आता काही निघणार न्हाई."

"म्या काहीच धाडलं न्हाई."

"खोटं बोलू नको! तुझं नाव हाय खाली."

मंजुश्री आतून धावत आली. तिनं माझा की-बोर्ड पुढं ओढला, पाठवलेल्या मेलची यादी उघडली, राखणदाराची रिकामी जागा पाहिली आणि सासऱ्यांकडं वळली. "मामा, अँटिव्हायरस कुठंय?"

मलप्पा खाटेवर परत बसले. तिनं आपल्या चुलत सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं: हे मामांनी लिहिलेलं नाही, व्हायरस असाच घरच्याच्या नावानं जातो. सिद्धलिंगनं ऐकून घेतलं. पण राग उतरला नाही.

"दुसरी प्रत का ठिवली न्हाईस?" मलप्पा गुरगुरले. "एवढं मोलाचं व्हतं तर?"

"ह्ये तू इचारतोस?" सिद्धलिंगचा आवाज फाटला. "दुसऱ्या कुणाचं असतं तर हात लावला नसता. मेल बघून पोरीला हाक मारली मी. म्हणलं, अण्णाचा आलाय. तुझ्या नावानं आला म्हणून उघडला!"

तो पाणीही न पिता निघून गेला. मलप्पा उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

मंजुश्रीनं माझी नेटची वायर उपटली. दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदलले. पत्त्यांतल्या एकेकाला फोन करून सांगितलं, मामांच्या नावानं आलेली फाईल उघडू नका. मग मला पुसून नव्यानं उभं केलं, राखणदार पुन्हा बसवला आणि तो काढायचा अधिकार स्वतःकडं ठेवला. मलप्पांनी ते बघितलं आणि या वेळी शिकवण्याबद्दल काही बोलले नाहीत.

काही दिवसांनी ते माझ्यासमोर येऊन बसले. "यात आवाज भरता येतो का?" त्यांनी सुनेला विचारलं. तिनं माइक जोडला. मलप्पा खाकरले आणि बोलू लागले.

लक्ष्मम्मांच्या तोंडी प्रेमाचे शब्द कधी नव्हते, शिव्या होत्या. मलप्पांना त्या पाठ होत्या. अगदी त्यांच्यासारखा सूर चढवून ते म्हणाले, "याको सिद्ध्या, का रे मेल्या, नाक पुसायला शीक, मग मला गाव दाखव!" मग स्वतःलाही सोडलं नाही. "आन् मल्ल्या, तू थोरला म्हणून माजलास व्हय? बोकडबी कळपात थोरला असतो, आधी त्यालाच कापतात!" मंजुश्री पदर तोंडाला लावून हसली. मलप्पा हसले नाहीत. आठवत गेले तसे बोलत राहिले, अगदी घसा बसेपर्यंत. मग ती फाईल त्यांनी स्वतः मेलला जोडली आणि नांदेडला धाडली.

तुमच्या घरात माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याची पिवळी सूचना एकदा वाचा. तो तुमच्यावर भुंकत नाही.

त्याच संध्याकाळी मलप्पांचा मोबाईल वाजला. ते नेहमी स्पीकर लावूनच बोलतात.

"तुझ्या नावानं मेल आलाय," सिद्धलिंग म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तू धाडलास का?"

"हाव."

"फाईल हाय त्यात."

"म्याच जोडली."

"काय हाय तिच्यात?"

मलप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "शिव्या हाईत."

"कुणाच्या?"

"अव्वाच्या. मला आठवल्या तेवढ्या."

सिद्धलिंग तोडून बोलला, "यापुढं काही धाडायचं असंल तर आधी फोन करत जा." आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मलप्पांनी नांदेडला फोन लावला. धाडायचं तर काहीच नव्हतं.