मोहोरबंद शिरस्त्राण

मित्रांनो, मी एक जुने शिरस्त्राण आहे. पण माझ्यात आजवर एकही डोके शिरलेले नाही. सैनिकांच्या नव्या हेल्मेटांचा मी मंजूर नमुना. माझ्या दोन्ही पट्ट्यांतून दोरी ओवून तिच्या गाठीवर लाखेची मोहोर केलेली आहे; ती न तोडता मला घालता येत नाही. २०१६ पासून मी डहाणूजवळच्या मसोलीत, एका शिवणशाळेच्या काचेच्या कपाटात आहे. तेथे बाया हेल्मेटांची आतली अस्तरे शिवतात. प्रत्येक अस्तर माझ्याशी ताडून पाहावे, असा दंडक आहे. माझी स्तुती सर्वांनी केली. बाहेर मात्र मोजमापापुरतेच काढले.

अस्तरांचे गठ्ठे छताला टेकले. ते तपासून पाठवणीच्या कागदावर सही करणारे तपासनीस साहेब काही येईनात. अस्तरे शिवणारी रानशेतची जमना शिवणशाळेच्या मुकादम पुष्पाताईंना म्हणाली, "ताई, अंतरपाटामागं नवरीसुद्धा एवढी थांबत नाय." तिचा मुलगा मिथुन फौजेत होता. त्याच्या वाट्याला जुना, जड पटका, म्हणजे डोक्याभोवती बांधायचे पोलादी कवच, आलेला. कपाळ झाकणारा आणि कानशिले उघडी टाकणारा.

२०१७ मध्ये रजा संपण्याच्या दिवशी तो आईचा निरोप घेण्यास शिवणशाळेत आला. मी टेबलावर होते. जमनाने कात्री उचलून थेट माझ्या दोरीला लावली. खरे सांगते, ती चालावी असे मला फार वाटले. मिथुनने आईचे मनगट धरले.

"आय, मोहोर तुटली की नमुना रद्द. मग परत तपासणी, परत वरीस."

"एकदा तुझ्या डोक्यावर बघू दे."

"माझं एक डोकं. पलटणीत आठशे हायेत."

जमनाने कात्री खाली ठेवली. गळ्यातली टेप काढून तिने त्याच्या डोक्याचा घेर घेतला; मग टेप दोरीखालून सरकवून माझा. माप अचूक जुळले. मिथुन तसाच गाडीला गेला.

पुढल्या वर्षी गठ्ठे थोडे थोडे बाहेर पडू लागले. प्रत्येक टेम्पो भरताना जमना विचारते, ह्यात मिथुनच्या पलटणीचे आहेत का? पुष्पाताईंना ते ठाऊक नसते. आता २०१९ सरत आले आहे. तिने विचारणे सोडलेले नाही, आणि मी अजून कपाटातच आहे.

बाळांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी सहीच्या खुर्चीवर बसेल. ही विनंती नव्हे, वडीलधाऱ्याची आज्ञा समजा: समोर आलेला कागद उद्यावर ढकलू नका. तुमचा उद्या ठरलेला असतो; चौकीवर उभ्या असलेल्या माणसाचा नसतो.