ठेका कोणी धरायचा

दुपारी दोनला हिल्काबाई तिसऱ्यांदा आल्या. दारात बूट काढले, नुसत्या मोज्यांवर माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या आणि वहीत लिहिलं, "आज?"

सप्टेंबरात त्यांचं स्वरयंत्र काढलं. त्यांची बहीण लेम्पी केमी गावातल्या वृद्धाश्रमात असते आणि तिला दिसत नाही. हिला आवाज नाही, तिला डोळे नाहीत. दोन महिने दोघींचं बोलणं बंद. टाइप केलेलं बोलून दाखवणारं आमचं यंत्र हा एकच मार्ग उरला होता, आणि तेच मुकं होतं.

दोष माझा नाही, असं मी तीन आठवडे म्हणत होते. यंत्रात आवाजाचं काम वाटलेलं असतं. कंट्रोलर ही एक चिप, तो आवाजाचे आकडे उचलून तारेवर सोडतो. पलीकडे कोडेक नावाची दुसरी चिप त्यांचा खरा आवाज करून स्पीकरला देते. कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, मी लिहिते, कोडेकचा इल्पो. चौदा वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून बसतोय. माझं काम तारेपर्यंत, त्याचं तारेपासून पुढे.

"माझ्याकडून सगळं ठीक आहे," इल्पो मान न वळवता म्हणाला.

"माझ्याकडूनही."

"मग काय, भुताटकी आहे?"

भांडण तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेलं होतं. आकडे तारेवरून जातात ते एका ठेक्यावर. तो एकाने धरायचा आणि दुसऱ्याने पाळायचा. तेव्हा माझा कंट्रोलरही ठेका धरत होता, त्याचा कोडेकही, आणि स्पीकर नुसता खरखरत होता. आमच्यातला कोणीच माघार घेईना. कॉफीच्या भांड्यापाशी आवाज चढले. आमच्या ओउलू शहरात असं सहसा होत नाही, त्यामुळे दोघांनाही लाज वाटली, आणि तेव्हापासून आम्ही हातभर अंतरावरून एकमेकांना ईमेल करत होतो, तेही ठेक्याचा विषय टाळून.

हिल्काबाईंनी वही इल्पोच्या नाकासमोर धरली. "तुमचे घसे शाबूत आहेत ना? मग बोला की एकमेकांशी!"

इल्पोने खुर्ची वळवली. त्याचे कान लाल झाले होते.

"आउने, ठेका तूच धरतेस ना?"

"मी कुठे? भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी सोडला. म्हटलं, होऊ दे याच्या मनासारखं."

"अगं, मीही त्याच दिवशी सोडला."

"मग सांगायचंस ना!"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

म्हणजे तीन आठवडे दोन्ही चिपा एकमेकींची वाट बघत गप्प बसल्या होत्या, आमच्यासारख्याच. मला हसूही येईना. या बाईंकडे बघायची हिंमत होईना.

"तू धर," इल्पो म्हणाला.

"नको, तूच धर."

हिल्काबाईंनी टेबलावर थाप मारली. मी मुकाट्याने एक ओळ बदलून ठेका धरला.

यंत्र बोललं. सपाट, कुणाचाच नसलेला बाईचा आवाज. हिल्काबाईंनी लगेच केमीला फोन लावला आणि यंत्र फोनला टेकवलं.

"लेम्पी, मी हिल्का."

पलीकडून एक थकलेला आवाज आला, "हिल्काचा आवाज असा नाही. कोण आहेस गं तू?"

हिल्काबाईंची बोटं थांबली. मग त्यांनी सावकाश एकेक अक्षर दाबलं, आणि यंत्र म्हणालं, "आता हाच आहे, लेम्पी."