तांबड्याला हवा लागली

त्या मंगळवारी सकाळीही शुई-फा काकांनी नूडल्सचं भांडं आमच्या टाकीत बुडवलं.

“बाबा, पुन्हा माझं भांडं?” त्यांची मुलगी पेइ-रोंग स्वयंपाकघरातून ओरडली. “आपण जेवतो त्यात!”

“तांबडाही जेवतोच की. इकडे ये, बघ, नवी फांदी फुटलीय त्याला.”

“नंतर. पेज गार होतेय.”

हे ‘नंतर’ मी नऊ वर्षं ऐकत होतो.

मित्रांनो, तो तांबडा म्हणजे मी, एक जुना स्पंज. भांडी घासायचा नव्हे, जिवंत. कीलुंग बंदराजवळच्या या घरात, खाऱ्या पाण्याच्या टाकीत, एका प्रवाळावर मी वाढलो. पाणी दिवसभर मी गाळतो आणि पाहुणे कौतुक करतात प्रवाळाचं. वर विचारतात, “हे काय चिकटलंय त्याला?”

टाकीतली वाळू साफ करायची असली की काका आम्हाला पाण्यातच भांड्यात घेत आणि पाण्यासकट हलवत. मला हवा लागली की ती माझ्या बारीक छिद्रांत अडकते आणि तेवढा भाग मरतो. चाळीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नाही. नळीत हवा अडकली की काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

बुधवारी काका मासळीबाजारात कोसळले. ते परत आले नाहीत.

दारावरच्या शुभाच्या लाल पट्ट्या उतरल्या. देव झाकले गेले. मग काकांच्या थोरल्या बहिणीची नजर टाकीवर पडली.

“आणि हा? घरात सुतक, आणि हा लग्नाला निघाल्यासारखा!”

“आत्या, तो जिवंत आहे.”

“असेल. लाल ते लालच. काढ बाहेर.”

पेइ-रोंगनं बाह्या सरसावल्या आणि प्रवाळासकट मला उचललं. उघड्या हातानं! भांडं तिथेच, टाकीशेजारी होतं. बाल्कनीत वर्तमानपत्रावर आम्ही अर्धा तास पडून होतो. माझ्या अंगातलं पाणी बातम्यांवर निथळलं. मला राग आला, अजून येतो. मी लाल आहे तो कुणाच्या आनंदासाठी नाही, आणि कुणाच्या दुःखाला चिडवायलाही नाही.

शेवटी प्रवाळातून चिकट तार सुटू लागली, म्हणून तिनं आम्हाला परत पाण्यात ठेवलं. दया आली ती प्रवाळाची! मग काचेवर पांढरा कागद चिकटवला. कागदाबद्दल माझी तक्रार नाही, उजेड मला आवडतच नाही. पण त्या कागदाआड मी फांदी-फांदीनं पांढरा पडत गेलो. आत्याबाईंना पाहिजे होता, अगदी तोच रंग.

सातव्या दिवशी गेलेला माणूस घर बघून जातो, असं इथे मानतात. आत्याबाईंनी काकांच्या आवडीचं माशाच्या गोळ्यांचं सूप मांडलं. पेइ-रोंग मात्र उठून कागद ओढू लागली.

“अगं, काय चाललंय तुझं?”

“बाबा आले की आधी इथेच येतील. कागद बघायला येणार का ते?”

आत्याबाईंनी सुपाचा वाडगा सरळ केला. “मग नीट काढ. कोपरे राहिलेत.”

पेइ-रोंगनं काचेला नाक टेकवलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मेलेल्या फांद्या, आणि प्रवाळाच्या बेचक्यात नखाएवढा उरलेला तांबडा ठिपका. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिची नजर भांड्याकडे गेली. तिनं ते बुडवलं, आम्हाला पाण्यातच त्यात घेतलं, आणि सडलेल्या फांद्या पाण्याखालीच कात्रीनं कापल्या. या वेळी मला हवा लागली नाही.

मित्रांनो, माझी कीव करू नका. एखाद्या जिवाला हात लावण्याआधी एवढंच विचारा, की याला कसं धरायचं. आणि सांगणारा माणूस घरात आहे तोवर विचारा.

सूप निवत होतं. भांडं तसंच पाण्यात धरून पेइ-रोंग मोठ्यानं म्हणाली, “बाबा, दाखवा ना. पेज गार झाली तरी चालेल.”