हलकं काडतूस

“ही बंदूक नव्हे गड्या, ही पिचकारी आहे,” गूच म्हणाला आणि सगळ्यांत बारीक नळीची बंदूक त्याने दोन बोटांनी उचलून फळीवर ठेवली. “परसातल्या चिमण्या उडवायला बायका घेतात.”

शेगडीपाशी बसलेले दोघे खो खो हसले. बाजाराच्या दिवशी गावातली रिकामटेकडी मंडळी गूचच्या दुकानात शेकायला यायची, आणि आज त्यांच्या तावडीत एमॉस थर्टल सापडला होता.

एमॉसने हसण्याकडे काणाडोळा केला. त्याने बंदूक उजव्या खांद्याला लावून पाहिली. हा खांदा एका घोड्याने लाथ मारून कायमचा अधू केला होता. मोठ्या बंदुकीचा धक्का त्याला सोसत नसे.

“खांद्याचंच असेल तर ही थोड्या जाड नळीची चारशेदहा घे,” गूचने दुसरी पुढे सरकवली. “हिचाही धक्का फारसा नाही. छर्रे मोहरीएवढे. कोठाराच्या या टोकाला बसून त्या टोकाचा उंदीर जागच्या जागी आडवा. तुझ्या त्या पिचकारीत छर्रे कसले, रवा भरलेला असतो. जवळ आला तर मरेल. लांब असला तर नुसता चिडेल.”

“आणि चारशेदहाचे छर्रे फरशीवर आपटून उलटले तर?”

“उलटू देत की. तुला काय फरक पडतो?”

एमॉसने दाराकडे पाहिलं. दाराबाहेर खुंटीला त्याची कुत्री नेटल बांधलेली होती. नेटल म्हणजे खाजकुयली, आणि नावाप्रमाणेच एमॉस सोडून गावात कुणाला चावायची बाकी राहिली नव्हती. तिने आत मान वळवली तेव्हा डाव्या डोळ्याच्या जागची खाच दिसली.

“आत्ता कळलं!” शेगडीपाशी बसलेला कसाई मांडीवर थाप मारून म्हणाला. “अरे, हा उंदरांसाठी बंदूक बघतच नाहीये. कुत्रीसाठी बघतोय!”

पुन्हा सगळे हसले. एमॉसने पिचकारीच कागदात बांधून घेतली, आणि तिची हलकी काडतुसं.

एमॉस हॅवरेलांच्या शेतावर घोडेवाला होता. ट्रॅक्टर आले, घोडे खाटकाकडे गेले आणि घोडेवाल्याचा उंदीरवाला झाला. राहतं घर नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी गेली की घरही जायचं. त्या घरातल्या खाटेवर त्याची बायको ईडी गेली होती, आणि आपलाही शेवट तिथेच व्हावा एवढीच त्याची मागणी होती. थोरल्या हॅवरेलने चालवून घेतलं. धाकटा मालक झाला तेव्हा त्याने स्पष्टच सांगितलं, “कोठारातला सातू उंदरांपासून राखलास तर घर तुझं. नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला घर हवंच आहे.” वर ताकीद, की छप्पर नवीन आहे, शेतावरची मोठी बंदूक कोठारात आणायची नाही.

ती मोठी बंदूक आदल्या वर्षी हॅवरेलच्या मेव्हण्याने कोठारात चालवली होती, नुसती गंमत म्हणून. फरशीवरून उलटलेला छर्रा नेटलच्या डोळ्यात घुसला. ती भेलकांडत गोल फिरायला लागली, तेव्हा मेव्हणा म्हणाला, “एक उरलाय ना? एका वेळी एकच उंदीर धरायचा असतो.” एमॉसने तिला उचलून घरी नेलं.

तो हिवाळा दोघांनी कोठारात काढला. सातूच्या ढिगाखालून हवा खेळवायला लाकडी बोगदे होते आणि उंदीर त्यातूनच यायचे. नेटल बोगद्याच्या तोंडाशी त्याच्याकडे पाठ करून बसायची. एमॉस मागे पोत्यावर. उंदराचं नाक दिसलं की तो हलकेच म्हणायचा, “खाली, पोरी.” नेटल डोकं फरशीला टेकवायची आणि तो तिच्यावरून बार काढायचा.

जवळचे मरायचे. लांबचे किंचाळून पुन्हा बोगद्यात शिरायचे. पूर्वी असला जखमी उंदीर नेटलने दोन उड्यांत गाठला असता; आता तिच्या डाव्या अंगाने निसटलेला तिला दिसतच नसे. “जाऊ दे,” एमॉस तिची समजूत घालायचा. “मरेल तो उद्या.”

मरत होतेच. ढिगाच्या पोटात, उबेला, जिथे त्याचा हात पोचत नव्हता तिथे.

वसंतात बिअरच्या कारखान्याचा माणूस सातू न्यायला आला. पहिलंच फावडं मारलं आणि त्याने नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या फावड्यात मेलेला उंदीर आला. तिसऱ्यात आणखी दोन. लॉरी रिकामी परत गेली.

हॅवरेलने खिशातला चाकू काढला, एक उंदीर फरशीवरच चिरला आणि चाकूच्या टोकाने काहीतरी टिपून तळहातावर घेतलं.

“थर्टल, हे काय आहे?”

“छर्रे, साहेब.”

“कुणाचे?”

“माझे.”

“म्हणजे उंदरांनी खाल्लं असतं त्याच्या दसपट तू नासवलंस.” त्याने हात झटकला. “पुढच्या सोमवारी विषवाला येतोय. तोवर घर मोकळं कर. नगरपालिकेच्या म्हाताऱ्यांच्या खोल्यांत तुझी सोय होईल, मी बोललोय.”

“आणि नेटल, साहेब?”

“तिथे कुत्री ठेवत नाहीत. इथे राहिली तर विष खाल्लेले उंदीर खाईल आणि तडफडून मरेल.” हॅवरेल चाकू पुसत म्हणाला, “तुझ्याकडे बंदूक आहे की. पण ही पिचकारी नको. धड एखादी आण. निदान एक काम तरी नीट कर.”

एमॉस दारोदार फिरला. ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोने कडेवरचं पोर दाखवून दार लावून घेतलं. कसायाने नेटलला नुसतं पाहिलं आणि हसला. म्हातारी, एकडोळी, चावरी कुत्री कोण घेणार? रविवारपर्यंत त्याने आशा सोडली नाही. मग मात्र सोडली, आणि त्या दुपारी गूचच्या घराचं मागचं दार ठोठावलं. हॅवरेलकडे बंदूक मागायची नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

“चारशेदहा हवी होती. आजच्यापुरती. काडतूस एकच.”

“आलास ना वळणावर!” गूच जेवणावरून उठून आला होता, तरी टोमणा मारल्याशिवाय राहवलं नाही. “तेव्हाच सांगत होतो. उंदीर काही चिमण्या नसतात.”

“उंदरांसाठी नाही,” एमॉस म्हणाला. “कुत्रीसाठी.”

गूचने तोंडातला घास गिळला. त्याने विचारलं, “जनावरांच्या डॉक्टरकडे का नेत नाहीस?”

“त्याला बघितलं की ती थरथर कापते. बंदूक बघितली की शेपूट हलवते.”

गूच आत गेला, बंदूक घेऊन आला, आणि त्यातल्या त्यात जड छर्ऱ्याचं काडतूस त्याने स्वतः निवडून एमॉसच्या हातात ठेवलं. “मी करू का हे? तुला जमणार नाही.”

“नको. ती तुला चावते.”

घरी परतला तेव्हा बंदूक पाहून नेटल नाचायलाच लागली. मागचे पाय आखडलेले असूनही ती त्याच्या पुढे पळत कोठारात शिरली. कोठार आता रिकामं होतं, झाडून लख्ख केलेलं. फक्त बोगदे जागच्या जागी होते. ती आपल्या नेहमीच्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून, एक कान वर. आतून काही येत नव्हतं, तरी तिची नजर हलत नव्हती.

एमॉस पोत्यापाशी थांबला नाही. तो तिच्या अगदी मागे जाऊन उभा राहिला. त्याला रडू फुटलं होतं, पण आवाज त्याने नेहमीसारखाच ठेवला.

“खाली, पोरी.”

नेटलने डोकं फरशीला टेकवलं.