मडक्यातली वाळवी

अंबुबाईंनी चुलीमागून मडकं उचललं आणि सुपात उपडं केलं. पोखरलेल्या ढलप्या पडल्या, लाकडाचा भुसा पडला आणि त्यासोबत तांदळाच्या कण्यांसारखी वाळवी. एकही हलत नव्हती.

सोप्यातला पोखरलेला खांब बदलताना सुतार त्यातल्या वाळवीवर रॉकेल ओतायला निघाला होता. जैनाच्या घरात! अंबुबाईंनी त्याला असं झापलं की बिचारा पटाशी तिथंच टाकून पळाला. मग मऊ फडक्याने टिपून त्यांनी वाळवी मडक्यात घेतली. सून शालन बाळंतपणापासून अंथरुणाला खिळली होती. खाल्लेलं तिच्या अंगी लागेना, बेळगावच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. एवढे जीव जगले तर तुझाही जगेल, असं अंबुबाईंनी तिला सांगितलं होतं. निपाणीची थंडी बाधू नये म्हणून मडकं चुलीमागे ठेवलं होतं.

मुलगा महावीर पुण्याला शेतकी कॉलेजात शिकून आला होता. बायकोच्या काळजीने तोही निम्मा झाला होता. त्याने सुपातली एक वाळवी तळहातावर घेतली.

"आई, चुलीजवळ ठेवलीस?"

"गारठंल म्हणून रं. खात तर हुती शेवटपतुर. भुसा बघ की."

"खात हुती, पर लाकूड वाळवीला आपलं आपण पचत न्हाय. तिच्या आतड्यात डोळ्याला न दिसणारे जीव असत्यात, ते पचिवत्यात. चुलीच्या धगीनं आधी ते मेलं. मग ही पोटभर खाऊन उपाशी मेली."

अंबुबाई खाली बसल्या. ज्यांना जपायचं त्यांनाच आपण शेकून मारलं, हे त्यांना सोसवेना.

"आन शालनच्या पोटात काय मेलंय रं?"

महावीरने वाळवी अलगद सुपात ठेवली.

ऊन उतरलं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून अंबुबाई ताट घेऊन आत गेल्या. शालनच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आत्ती, वाळवी खातीया न्हवं?"

अंबुबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. त्याचा त्यांना अभिमान होता आणि साऱ्या गल्लीला जाच.

"खातीया गं," त्या म्हणाल्या. "लई खातीया."

शालन हसली. कशीबशी उठून बसली, ताट पुढे ओढलं आणि आमटीत कुस्करलेली अख्खी भाकरी संपवली.

"आजून अर्धी वाढा," ती म्हणाली.

अंबुबाईंनी वाढली.